बेळगावात मुलांना टेनिस शिकवायचंय? आधी बास्केट बाजूला ठेवा

हे मुख्यतः लिहितोय ते शाळेतल्या पीटी सरांसाठी, आणि ज्यांना स्वतःला बरं खेळता येतंय म्हणून संध्याकाळी लहान मुलांना शिकवायला उभं केलं जातं त्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी. पालकांनी वाचलं तरी चालेल, त्यांच्याबद्दल पण मध्ये मध्ये येणार आहे, राग मानू नका.

आपल्याकडे बेळगाव असूदे, निपाणी असूदे नाहीतर खानापूर, टेनिसचा क्लास म्हटला की एकच चित्र दिसतंय. नेटजवळ सर उभे, शेजारी बॉलची बास्केट, समोर बारा मुलं लाइनीत. सर बॉल टाकतात, पोरगं मारतंय, लाइनीच्या मागं जातंय. हिशेब करून बघा, सर चार सेकंदाला एक बॉल टाकतात असं धरलं तरी प्रत्येकाचा नंबर ४८ सेकंदांनी येतो. म्हणजे तासाभरात पोरगं फार तर ७५ बॉल मारणार, त्यातला अर्धा वेळ बॉल गोळा करण्यात गेला की उरले तीस-पस्तीस. बाकी वेळ काय, तर पुढच्याच्या पायात रॅकेट घालणं आणि चिमटे काढणं. आणि जे तीस बॉल मारले ते पण सगळे एकाच उंचीचे, एकाच जागी आलेले, मॅचमध्ये असला बॉल कधी येतच नाही. मग पहिल्या टूर्नामेंटला पोरगं पहिल्याच राऊंडला हरून येतं आणि बाबा विचारतात, सर क्लासमध्ये तर मस्त मारत होता की.

मारत होता, खेळत नव्हता. टेनिसमध्ये बॉल समोरचा पाठवतोय, आपल्याला तो कुठं पडणार ते ओळखायचं, तिथं पोचायचं, मारायचं आणि परत जागेवर यायचं. यातलं मारणं सोडून बाकी काहीच लाइनीत उभं राहून शिकता येत नाही. आयटीएफ म्हणजे इंटरनॅशनल टेनिस फेडरेशननं २००७ ला 'प्ले अँड स्टे' काढलं त्याचं म्हणणं हेच होतं, पहिल्या तासापासून मुलानं सर्व्ह करावी, रॅली करावी (म्हणजे बॉल सलग इकडून तिकडं चालू ठेवावा) आणि पॉइंट मोजावा. ते जमावं म्हणून बॉल हळू केले आणि कोर्ट लहान केलं.

बॉलची गोष्ट नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के भांडण इथंच होतंय. नेहमीचा पिवळा बॉल २५४ सेंटीमीटरवरून सोडला तर १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळतो. सात वर्षांचं पोरगं असतंय साधारण १२० सेंटीमीटरचं. आता तुम्हीच सांगा, डोक्याच्या वर जाणारा बॉल ते कसं मारणार? मग ते मागं मागं पळतंय, नाहीतर पॅन धरल्यासारखी रॅकेट धरून वरून ढकलतंय, आणि ती ग्रिप पुढं सुटता सुटत नाही. लाल बॉल त्याच उंचीवरून ९० ते १०५ उसळतो, ऑरेंज १०५ ते १२०, आणि ज्याच्यावर हिरवा ठिपका असतो तो १२० ते १३५. वेगात लाल बॉल पिवळ्यापेक्षा साधारण ७५ टक्के हळू, ऑरेंज ५० टक्के, हिरवा २५ टक्के. ढोबळमानानं पाच ते आठ वर्षांपर्यंत लाल, आठ ते दहा ऑरेंज, नऊ-दहाच्या पुढं हिरवा. खरं तर, वयापेक्षा पोरगं काय करतंय ते बघा. आमचा ठोकताळा असा की लाल कोर्टावर, म्हणजे लाल बॉलच्या छोट्या कोर्टावर, दोघांची दहा बॉलची रॅली सहज होतेय, सर्व्ह वरून टाकता येतेय आणि स्कोअर स्वतः मोजता येतोय, तर द्या ऑरेंज.

पालक इथं अडतात. "सर, शेजारचा पोरगा पिवळ्यानं खेळतोय, आमच्याला कधी देणार?" द्यायचा की, घाई काय आहे, २०१२ पासून आयटीएफच्या नियमातच आहे की दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा बॉल वापरायचा नाही. एवढं सांगितलं की बहुतेक गप्प होतात, जे होत नाहीत त्यांना एकदा लाल कोर्टावर स्वतःच्या मुलाबरोबर खेळायला लावा, घाम काढतंय पोरगं.

आता जागा. "आमच्याकडं टेनिस कोर्ट नाही" हे कारण मला पटत नाही. लाल कोर्ट फक्त ११ मीटर लांब आणि पाच-सहा मीटर रुंद लागतंय, नेट ८० सेंटीमीटर. बॅडमिंटन कोर्ट जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे, त्यात डबल्सच्या सर्व्हिसची मागची जी लाइन असते ती दोन्ही बाजूची धरली तर मधलं अंतर ११.८८ मीटर होतंय, नेट खाली ओढून ८० सेंटीमीटरवर बांधा, झालं लाल कोर्ट. शाळेच्या ग्राउंडवर चुना मारा, दोन खांब नाहीतर दोन बाक आणि मध्ये दोरी, दोरीवर जुने टॉवेल टाका. आणि ज्यांच्याकडं खरं टेनिस कोर्ट आहे त्यांनी तर ते आडवं वापरावं: डबल्सची रुंदी १०.९७ मीटर, म्हणजे डबल्सच्या दोन साइडलाइन याच लाल कोर्टाच्या बेसलाइन, म्हणजे मागच्या लाइन. मध्ये लांब दोरी बांधली की एका कोर्टात आरामात चार लाल कोर्टं बसतात, आठ मुलं एकाच वेळी सिंगल्स खेळतायत, डबल्स खेळवले तर सोळा. बास्केटच्या लाइनीत आणि यात किती फरक पडतो ते पहिल्याच दिवशी दिसतंय, कारण आवाज वाढतो.

ऑरेंजला १८ मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद, आणि हिरव्याला पूर्ण २३.७७ मीटरचं कोर्ट.

पावसाचं बघावं लागतंय. जून ते सप्टेंबर बेळगाव शहरात बाहेर भरवशाचं काही ठरवू नका, खानापूर तर विसराच, लाल माती एकदा भिजली की चार दिवस कोर्टावर पाय ठेवता येत नाही आणि कुणीतरी घाईनं ठेवलाच तर दसऱ्यापर्यंत खड्डे. त्याउलट अथणीकडं पावसाळ्यात बरेच दिवस कोरडे मिळतात, त्यांनी उगाच बेळगाव बघून सुट्टी देऊ नये. बाकीच्यांनी हे चार महिने बॅडमिंटन हॉल, शाळेचा हॉल, लग्नसराई संपलेली असते म्हणून एखादं मंगल कार्यालय, जे मिळेल ते घ्यावं आणि फोमचा लाल बॉल वापरावा, काच फुटत नाही. पाय, थ्रो, कॅच, बॅलन्स हे सगळं याच महिन्यांत पक्कं होतंय. पावसाळ्यात क्लास बंद ठेवून ऑक्टोबरला परत शून्यापासून सुरू करणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा तोटा आहे असं माझं मत.

रॅकेट. मोठ्या भावाची २७ इंची देऊ नका, "पुढं उपयोगी पडेल" म्हणून तर अजिबात नको. पोरानं सरळ उभं राहून रॅकेट हातात लोंबकळत धरली तर टोक जमिनीला घासता कामा नये, ही सोपी तपासणी. लाल बॉलच्या मुलांना १७ ते २३ इंच, ऑरेंजला २३ ते २५, हिरव्याला २५-२६. स्ट्रिंग तुटली की दुकानदार कधी कधी पॉलिएस्टर घालून देतो, मुलांना ती नको, कडक असते, कोपर-मनगट दुखायला लागतंय, साधी सिंथेटिक गट (नायलॉनची तार) सांगा आणि तिचा ताण कमीच ठेवा.

आता तासाभरात करायचं काय. पहिली दहा मिनिटं रॅकेट न घेता, पकडापकडी, एका पायावर उभं राहून कॅच, दोघांनी समोरासमोर बॉल टाकून एका टप्प्यात पकडणं. हे टाइमपास वाटतंय खरं, पण ज्याला टप्पा पडलेला बॉल हातानं पकडता येत नाही त्याला रॅकेटनं काय येणार? मग लगेच जोड्या, दोरीवरून रॅली, सलग किती होतात ते मोजायचं. सहा झाले का? आता सात. मुलं आकड्याच्या मागं वेडी होतात, तुम्हाला ओरडावं लागत नाही. मग एकच गोष्ट शिकवायची, एकच, उदाहरणार्थ आज मारून झालं की मधे परत यायचं. दहा मिनिटं ती, आणि शेवटची वीस मिनिटं मॅच. मॅच राखून ठेवलेलं बक्षीस नव्हे, तो क्लासचाच भाग आहे, उशीर झाला म्हणून मॅच कापू नका, कापायचं तर तुमचं भाषण कापा. लहानांना १५-३० असा टेनिसचा स्कोअर नको, एक दोन तीन करत दहापर्यंत. ऑरेंजपासून चार गेमचा छोटा सेट, ४० ऑल झालं, म्हणजे दोघं ४० वर आले, की एकच पॉइंट.

लाइन कॉल मुलांनाच करू द्या. नियम असा की अंपायर नसताना बॉल आउट आहे याची पक्की खात्री नसेल तर तो आतच धरायचा. पहिले दोन महिने रोज रडारड होणार, त्यातसुद्धा मराठीत, कन्नडात, हिंदीत एकाच वाक्यात भांडण होणार. होऊदे. आठ वर्षांचं पोरगं समोरच्याला "तुझा आत होता" म्हणून पॉइंट देतंय हे बघायला मिळालं की बरं वाटतंय.

सर्व्हबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथं आपल्या मुलांचा फायदा आहे. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या पोराचा थ्रो तयार असतो, आणि सर्व्ह म्हणजे बरीचशी वरच्या दिशेनं थ्रोच. म्हणून आधी दोरीच्या पलीकडं बॉल फेकायला लावा, मग लहान रॅकेट मधोमध धरून, मग पूर्ण. ग्रिप सुरुवातीलाच हातोडा धरतात तशी, म्हणजे कॉन्टिनेंटल, बॉल थोडे दिवस नेटमध्ये जातील, चालतंय. मुलींना बऱ्याच घरात थ्रो करायलाच कधी मिळालेला नसतो, त्यांच्यासाठी फेकण्याचे खेळ दुप्पट ठेवा, सहा महिन्यांत फरक निघून जातो, "मुलींची सर्व्ह अशीच असते" म्हणणाऱ्या कोचला घरी पाठवा.

क्रिकेटची दुसरी बाजू बॅकहँडला दिसते. उजव्या हातानं बॅटिंग करणाऱ्याचा उजवा हात बॅटच्या पात्याकडं असतो, डावा वर. दोन हाती बॅकहँडला उजव्या खेळाडूचा उजवा हात मुठीच्या शेवटाला आणि डावा हात रॅकेटच्या स्ट्रिंगकडं लागतो, म्हणजे बरोबर उलट. त्यामुळं पोरगं रॅकेट बॅटसारखी धरतंय आणि हात एकमेकांत अडकतात. पहिल्या आठवड्यातच हात तपासा. आणि गंमत म्हणजे जो पोरगा उजव्या हातानं फेकतो, पण बॅटिंग डावखुरी करतो, त्याला दोन हाती बॅकहँड दोन दिवसांत येतो, हातांची जागा तीच की. असलं पोरगं क्लासमध्ये असेल तर बाकीच्यांना दाखवायला त्यालाच उभं करा.

हे सगळं करायला माणसं लागतात आणि खरी अडचण ही आहे. चार लाल कोर्टांवर सोळा मुलं, एकटे सर काय करणार. बाहेरून कोच आणायचा म्हटलं तर बेंगळुरू पाचशे किलोमीटर, चांगला कोच इथं येऊन राहत नाही, आला तरी वर्षभरात जातो आणि त्याच्याबरोबर क्लास पण जातो. म्हणून इथलेच तयार करा. सोळा-सतरा वर्षांची पोरं-पोरी जी खेळतायत त्यांना आठवड्यातून दोन दिवस लहानांवर घ्या, आणि फुकट राबवू नका, थोडे का असेना पैसे द्या, पैसे दिले की वेळेवर येतात आणि घरचे पण "खेळून काय मिळतंय" म्हणायचं थांबतात. त्यातला एकतरी कन्नड नीट बोलणारा पाहिजे, चिकोडी-गोकाककडची किती तरी मुलं मराठी समजतात खरं, पण बोलायला लाजतात, त्यांना "नोडू, हिंगे माडू" (बघ, असं कर) म्हणून करून दाखवलं की मोकळी होतात.

नवीन कोचला पहिले पंधरा दिवस काही शिकवायला देऊ नका. त्यानं फक्त बॉल हातानं खालून, मुलाला मारता येईल असा टाकायला शिकायचं. सोपं वाटतंय, नाही. चांगला खेळाडू बॉल नेहमी जोरात टाकतो, रॅकेटनं टाकतो, सवय असते त्याची. मग उभं कुठं राहायचं ते: मुलाच्या बाजूला, सगळी चारही कोर्टं दिसतील असं, एका पोराकडं तोंड आणि पंधरांकडं पाठ असं कधीच नाही. मग नजर. नवीन कोच रॅकेटकडं बघतो आणि मनगट, कोपर, खांदा, सगळं एकदम सांगतो. त्याला सांगा आधी बॉल कुठं पडला बघ, मग पाय बघ, रॅकेट सगळ्यात शेवटी. बॉल नेटमध्ये का जातोय याचं उत्तर दहातल्या सात वेळा पायात असतंय, पोरगं बॉलपासून लांब नाहीतर फारच जवळ.

एक प्रयोग हमखास चालतो. शनिवारी क्लास सुटला की सगळ्या कोचांनी उलट्या हातानं, म्हणजे उजवा असेल त्यानं डाव्यानं, अर्धा तास खेळायचं, आणि एकानं त्यांना शिकवायचं. नवशिक्याला काय वाटतंय ते तिथं कळतं, पाच सूचना एकदम मिळाल्या की डोकं कसं बंद पडतं ते पण. दुसरं म्हणजे मोबाइल. आपण मुलांचे व्हिडिओ काढतो, कोचचा काढा. दहा मिनिटांत तो किती बोलला आणि मुलं किती खेळली ते घड्याळ लावून मोजा, त्याच्यासमोर, चेष्टा न करता. दोन मिनिटांच्या वर बोलला असेल तर पुढच्या आठवड्यात परत काढा.

शिकण्याची सोय आता घरात आहे, आयटीएफ अकॅडमीच्या साइटवर कोचसाठी बरंच मटेरियल ऑनलाइन आहे, इंग्रजी आहे खरं, पण व्हिडिओ बघून कळतंय. पीटी सरांना जमत असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, आणि आयटा म्हणजे ऑल इंडिया टेनिस असोसिएशनचे कोचिंग कोर्स वेगवेगळ्या गावी होतात, त्यावर लक्ष ठेवा. सर्टिफिकेट भिंतीवर लावायला नको, परत येऊन बाकीच्यांना शिकवलं पाहिजे ही अट घालूनच पाठवा.

सुरक्षेचं एकदा स्पष्ट सांगून ठेवतो. मुलाचा हात धरून ग्रिप दाखवायची तर आधी विचारायचं, बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर कोच नको, निरोप पालकांच्या ग्रुपवर, मुलांना वैयक्तिक मेसेज नाही, मुली बाहेरगावी मॅचला जाताना बरोबर एक बाई पाहिजेच. यावर चर्चा नको. आणि कोर्टावर बॉल इकडं तिकडं पडलेले ठेवू नका, घोटे मुरगळण्याचं पहिलं कारण ते.

किती तास खेळवायचं हे पालक हमखास विचारतात. खेळाचे डॉक्टर एक साधा हिशेब सांगतात, आठवड्याचे एकूण ट्रेनिंगचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला नऊ तास, ती पोहायला किंवा स्केटिंगला जात असेल तर ते पण धरून. आणि ते जाऊदे की, बारा वर्षांपर्यंत दुसरा खेळ सोडायला लावू नका. आपल्याच राज्यातला, कोडगूचा रोहन बोपण्णा, टेनिस सुरू केलं अकराव्या वर्षी, आणि जानेवारी २०२४ ला ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकून जगात एक नंबर झाला. सातव्या वर्षी पोरगं मागं पडलं म्हणून रात्रीची झोप घालवायची गरज नाही.

टूर्नामेंटचं बेळगावकरांना वेगळं गणित आहे. रजिस्ट्रेशन आपलं कर्नाटकात, राज्याच्या टीमची निवड बेंगळुरूच्या बाजूनं, पण कोल्हापूर दोन-अडीच तासांवर. आयटाच्या रँकिंग स्पर्धा, अंडर १२ पासून पुढं १४, १६, १८, देशातल्या कुठल्याही राज्याच्या मुलाला खुल्या असतात, त्यामुळं आधी कॅलेंडर उघडून धारवाड, हुबळी, कोल्हापूर, गोवा, पुणे एवढंच बघा, पहिल्या वर्षी लांब जायचं कारण नाही. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ ला विंबल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळून आली, म्हणजे महाद्वार रोडच्या पलीकडं जग नाही असं म्हणणाऱ्यांच्या गावातून, आणि ते गाव आपल्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे.

पण त्याआधी गावातल्या गावात मॅच भरवा. महिन्यातून एक रविवार, सकाळी सात ते अकरा, लाल-ऑरेंज वेगवेगळं, नॉकआउट नको, राऊंड रॉबिन ठेवा म्हणजे हरलेलं पोरगं पण चार मॅच खेळूनच घरी जातंय. निपाणीची चार, खानापूरची चार, बेळगावची आठ मुलं जमली तरी पुरे. ट्रॉफीवर पैसे घालवू नका, त्यात लाल बॉलचा एक डझन जास्त येतो. पालकांना कुंपणाच्या बाहेर बसवा, चहा द्या, आणि प्रत्येकाला एक कागद द्या: आपलं पोरगं सोडून दुसऱ्याच पोराचा स्कोअर लिहायचा. आपल्या पोराला कुंपणावरून "पाय हलव, पाय हलव" म्हणायला मग वेळच मिळत नाही.